मराठी विकिस्रोत : रिटायर झाल्यावर दोन वर्षं रोज वापरून लिहिलेला रिव्ह्यू

दोन वर्षं झाली, रोज सकाळी दोन तास मी मराठी विकिस्रोतवर जुन्या पुस्तकांचं मुद्रितशोधन करतेय, त्यामुळे आता याबद्दल नीट लिहावं असं वाटलं. रिटायर झालेली किंवा होऊ घातलेली बरीच मंडळी विचारतात की मराठी चांगलं आहे, वाचनाची आवड आहे, संपादन, प्रकाशन, गावाचा इतिहास असलं काहीतरी विनामोबदला करायची तयारी आहे पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू. लांब झालाय, पण वेळ असेल तर पूर्ण वाचा, कारण या कामात एक गोष्ट अशी आहे की ती पटली तर हे काम तुम्हाला धरून ठेवेल आणि नाही पटली तर आठवड्यात सोडून द्याल.

आधी माझी पार्श्वभूमी सांगते, कारण त्याशिवाय मला हे काम एवढं का आवडलं ते समजणार नाही. माझी सगळी नोकरी दस्त नोंदणीच्या ऑफिसात झाली. सुरुवातीची काही वर्षं तर दस्ताची नक्कल हाताने रजिस्टरमध्ये उतरवायची. ज्यांनी जुन्या खरेदीखतांच्या नकला काढल्या असतील त्यांना आठवेल, खाली लिहिलेलं असतं, नक्कल करणार, वाचणार, रुजवात घेणार, आणि प्रत्येकापुढे वेगळ्या माणसाची सही, मग शेवटी अस्सल बरहुकूम नक्कल. म्हणजे लिहिणारा एक, अस्सल समोर धरून मोठ्याने वाचणारा दुसरा, आणि ते ऐकत नकलेशी ताडून बघणारा तिसरा. दस्तात एखाद्याचं नाव चुकीचं पडलेलं असलं तरी नकलेत ते तसंच उतरवायचं. खाडाखोड असली, दोन ओळींच्या मध्ये वाढीव शब्द असला तर त्याची वेगळी नोंद करायची, पण स्वतःच्या मनाने एक मात्रा इकडची तिकडे करायची नाही. आमचे पहिले साहेब म्हणायचे, "तुला काय वाटतं ते रजिस्टरात यायला नको, कागदावर काय आहे ते यायला हवं." एकतीस वर्षं ते डोक्यात घेऊन काम केलं.

रिटायर झाल्यावर पहिलं काम आलं ते एका संस्थेच्या स्मरणिकेचं. नाव घेत नाही. संस्थेला पंचाहत्तर वर्षं झाली होती, कपाटात सुरुवातीपासूनच्या सभांच्या इतिवृत्ताच्या वह्या होत्या, आणि त्यातले निवडक उतारे छापायचे म्हणून मला बसवलं. चार महिने मी त्या वह्या वाचल्या. सुंदर अक्षर, सुंदर भाषा, आणि एका सभेत दोन सभासदांनी एका ठरावाला विरोध नोंदवलेला, त्याची कारणंसुद्धा लिहिलेली. मी सगळं जसंच्या तसं उतरवून दिलं. छापून आलं तेव्हा तो विरोध गायब, भाषा आजच्यासारखी केलेली, आणि वर "तत्कालीन इतिवृत्तातून" असं लिहिलेलं. मी विचारलं तर म्हणाले, वाचकाला सोपं जावं म्हणून थोडं संपादन केलं ताई, त्यात काय एवढं. मला फार लागलं ते. वह्या पुन्हा कपाटात गेल्या आणि आता त्या सभेत काय झालं होतं हे शोधणाऱ्याला ती स्मरणिकाच पुरावा म्हणून मिळणार.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी भाचा आला होता, त्याला हे सगळं सांगितलं तर त्याने लॅपटॉप उघडून विकिस्रोत दाखवलं. म्हणाला मावशी, हे बघ, इथे तुझ्यासारखीच माणसं हवी आहेत.

तर हे नेमकं काय आहे. विकिपीडिया सगळ्यांना माहीत असतो, विकिस्रोत हे त्याच कुटुंबातलं भावंड, पण इथे लेख लिहायचे नसतात, इथे आधीच छापलेली, कॉपीराइट संपलेली किंवा मालकाने मोकळी केलेली पुस्तकं अक्षररूपात आणून ठेवायची असतात. २४ नोव्हेंबर २००३ ला हा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा त्याचं नाव प्रोजेक्ट सोर्सबर्ग असं होतं, मोफत ई-पुस्तकांच्या प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या नावावर केलेला खेळ, 'बर्ग'वरून आइसबर्ग, आणि त्यामुळेच लोगोत आजही हिमनग दिसतो. पुढे २००५ पासून भाषांची वेगवेगळी विकिस्रोतं झाली. स्कॅन केलेलं पुस्तक सगळ्यांना बघायला मिळतं हे खरं, पण स्कॅन म्हणजे फोटो, त्यात शब्द शोधता येत नाही, दृष्टी कमी झालेल्या माणसाला ते मशीनकडून वाचून घेता येत नाही, अक्षर मोठं केलं तर ओळ स्क्रीनच्या बाहेर जाते. ते पान टाइप झालं, तपासलं गेलं की मग ते खऱ्या अर्थाने वाचायला मोकळं होतं.

कामाची पद्धत मला पहिल्याच दिवशी ओळखीची वाटली. अनुक्रमणिका नावाचं एक पान असतं, त्यात पुस्तकाच्या सगळ्या पानांचे आकडे रांगेने दिसतात आणि प्रत्येक आकड्याला रंग. एखाद्या आकड्यावर क्लिक केलं की एका बाजूला मूळ पानाचा स्कॅन आणि दुसऱ्या बाजूला मजकुराची चौकट. मशीनने ओळखून ठेवलेला कच्चा मजकूर असतो तेव्हा पान गुलाबी-लालसर असतं. कोणीतरी ते ओळ न् ओळ स्कॅनशी ताडून दुरुस्त केलं की पिवळं होतं. आणि मग दुसऱ्या कोणीतरी ते पुन्हा पहिल्यापासून ताडून पाहिलं की हिरवं, म्हणजे प्रमाणित. कोऱ्या पानाला राखाडी रंग, आणि स्कॅनमध्ये पान फाटलेलं वगैरे असेल तर निळा. मला सगळ्यात आवडलं ते हे की ज्याने पान पिवळं केलं त्याला स्वतःला ते हिरवं करता येत नाही, सिस्टिमच करू देत नाही. नक्कल करणार वेगळा, रुजवात घेणार वेगळा! भाच्याने हे सांगितलं तेव्हा मी त्याला दोनदा विचारलं की खरंच का. एवढी साधी शिस्त आजकाल छापील पुस्तकांना मिळत नाही.

आता मशीन काय चुका करतं ते सांगते, कारण तुमचा बराच वेळ त्यात जाणार. जुन्या खिळ्यांच्या छपाईत शाई पसरलेली असते, कुठे टाइप झिजलेला असतो, त्यामुळे ब चा व होतो, घ चा ध, भ चा म, ष चा प, थ चा य. ख चा रव होणं तर रोजचंच. मराठी तीन आकडा आणि उ यांची गल्लत होते, दंड म्हणून दिलेली उभी रेघ काना होऊन शेजारच्या अक्षराला चिकटते, आणि अनुस्वाराचा ठिपका एकतर गळतो किंवा कागदावरचा डाग ठिपका होऊन बसतो. यातल्या निम्म्या चुका डोळ्याला लगेच दिसतात कारण शब्द अर्थहीन होतो. घात होतो तो बाकीच्या निम्म्यांत, जिथे चुकीचा शब्दही खरा शब्द असतो. 'भाव'चा 'माव' झाला तर दिसेल, पण 'भार'चा 'मार' झाला आणि वाक्य दोन्हीकडून जुळत असलं तर नुसतं वाचून कळत नाही, स्कॅन बघावाच लागतो. म्हणून माझी सवय अशी की मी आधी स्कॅनमधली ओळ वाचते, मोठ्याने, आणि मग टाइप केलेली. आधी टाइप केलेली वाचली की मेंदू तेच समोर बघतो. ऑफिसात वाचणारा आणि ताडणारा वेगळा का ठेवायचे ते घरात एकटीने काम करताना जास्त कळलं.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला घेतला. इथे शुद्धलेखन सुधारायचं नाही. पुस्तकात जसं आहे तसंच ठेवायचं.

ऐकायला सोपं वाटतं पण आयुष्यभर मराठी शिकवलेल्या, पेपर तपासलेल्या, मासिकांचं संपादन केलेल्या माणसाला हे अतिशय जड जातं, मी बघितलंय. १९६२ मध्ये साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार लेखनातून गेले. त्याआधीची पुस्तकं उघडली की हें, तें, कांहीं, नाहीं, घरांत, गांवांत, मी गेलों, त्यानें केलें. नव्या माणसाला वाटतं हे ठिपके काढून टाकले तर बिघडलं काय, वाचायला सोपंच होईल. पण ते ठिपके रिकामे नव्हते. 'ती' म्हणजे एक बाई आणि 'तीं' म्हणजे ती मुलं, ती घरं, नपुंसकलिंगी अनेकवचन. 'केली' वेगळं, 'केलीं' वेगळं. जुन्या कागदात 'दिलीं' असं आलं की दिलेल्या वस्तू एकापेक्षा जास्त होत्या हे त्या एका ठिपक्यावरून कळतं. उलट बाजूने, जुन्या लेखनात 'घरांत' म्हणजे एका घरात, आज आपण 'घरांत' लिहिलं तर वाचणारा अनेक घरांत असं समजतो. म्हणजे अर्धवट सुधारणा केली, काही ठिपके ठेवले काही काढले, तर वाचणाऱ्याला एक घर की दहा घरं तेच कळणार नाही. दस्तात असा घोळ झाला तर काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय, इतिहासातसुद्धा तेच होतं, फक्त भांडायला कोणी येत नाही एवढाच फरक.

याचं एक मोठं उदाहरण मराठीत आहेच. विष्णुभट गोडसे यांनी १८५७ च्या धामधुमीतला स्वतःचा प्रवास लिहून ठेवला, झाशीचा वेढा त्यांनी आत राहून पाहिलेला. ते लिखाण १९०७ मध्ये चिं. वि. वैद्य यांनी 'माझा प्रवास' म्हणून छापलं, पण छापताना भाषेत आणि मजकुरात बरेच बदल केले. वैद्यांनी ते छापलं नसतं तर कदाचित आपल्यापर्यंत काहीच आलं नसतं, हे त्यांचं ऋण आहेच, आणि त्यांनी मूळ हस्तलिखित जपून भारत इतिहास संशोधक मंडळाकडे दिलं हे त्याहून मोठं. पण गोडसे भटजींचा स्वतःचा शब्द लोकांना वाचायला मिळाला तो दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून १९६६ मध्ये आवृत्ती काढली तेव्हा. मधली जवळजवळ साठ वर्षं लोक ज्याला भटजींची भाषा समजत होते ती पुष्कळशी संपादकाची होती. हस्तलिखित हरवलं असतं तर? मला हा प्रश्न काम करताना वारंवार आठवतो, विशेषतः जेव्हा एखादं वाक्य मला खटकतं आणि हात कीबोर्डकडे जातो.

मग छपाईतली उघड चूक असेल तर काय करायचं? जुळाऱ्याने खिळा उलटा बसवलाय, एक शब्द दोनदा पडलाय, असं दिसतंच. मी ते तसंच ठेवते आणि त्या पानाच्या चर्चापानावर नोंद करते की मुळात असंच आहे, टंकनाची चूक नव्हे. खाडाखोडीची नोंद करायचो तशीच. नंतर येणारा रुजवात घेणारा मग गोंधळत नाही. पुस्तकाला शेवटी शुद्धिपत्र जोडलेलं असलं तर तेही पान जसंच्या तसं टाइप करायचं. मला शुद्धिपत्रं फार आवडतात, लेखक आणि छापखाना दोघांचा प्रामाणिकपणा त्यात दिसतो.

टायपिंगबद्दल. मी टाइपरायटरवर शिकलेली, त्यामुळे कॉम्प्युटरचा मराठी कीबोर्ड नव्याने शिकावा लागला. विकिस्रोतच्या चौकटीतच मराठी टाइप करायची सोय आहे, इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारी अक्षरांतरणाची पद्धत पण आहे आणि इनस्क्रिप्ट म्हणजे भारतीय भाषांसाठीची ठरलेली कीबोर्ड मांडणी पण, कंट्रोल आणि एम दाबलं की चालू-बंद होतं. माझा सल्ला, थोडे दिवस कष्ट घ्या आणि इनस्क्रिप्ट शिका, कारण जुन्या पुस्तकातली जोडाक्षरं, ऋ, ळ, ऱ्य हे सगळं त्यात बिनचूक येतं. ऱ्य वरून आठवलं, 'दुसऱ्या' हा शब्द कॉम्प्युटरमध्ये दोन तऱ्हेने लिहिला जातो, एक म्हणजे नुक्त्याचा ऱ वापरून आणि दुसरा म्हणजे साध्या र चा पाय मोडून मध्ये एक न दिसणारं चिन्ह घालून. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात पण कॉम्प्युटरला ते वेगळे शब्द आहेत, एक शोधलं तर दुसरं सापडेलच असं नाही. अॅ आणि ॲ चं पण तेच. हे मला आठ-दहा महिन्यांनी कळलं, तेव्हा मी माझी जुनी पानं पुन्हा उघडून एकेक बघितली. तुम्ही सुरुवातीलाच लक्ष द्या.

अडलेल्या शब्दांसाठी दोन खिडक्या कायम उघड्या ठेवते. एक मोल्सवर्थचा कोश, त्याची १८५७ ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या साइटवर शोधता येते, आणि दुसरा दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश. झिजलेल्या छपाईत अक्षर ध की घ कळत नसलं की असा शब्द तेव्हा होता का ते कोशात बघायचं. पण कोश फक्त अंदाज द्यायला, निकाल स्कॅनचाच. स्कॅनमध्ये खरंच काही दिसत नसेल तर पान निळं करून ठेवायचं, म्हणजे पुढे कोणाला त्या पुस्तकाची दुसरी प्रत मिळाली तर तो ते पूर्ण करेल. अंदाजाने भरलेली जागा सगळ्यात वाईट, कारण ती रिकामी आहे हेच पुढे कोणाला कळत नाही.

स्थानिक इतिहासाची आवड असणाऱ्यांना या कामात खूप काही आहे असं माझं मत. मोठ्या लेखकांची पुस्तकं पुन्हा पुन्हा छापली जातात, त्यांना आपली तेवढी गरज नाही. पण कुलवृत्तांत, एखाद्या तालुक्याची माहितीपुस्तिका, शाळेच्या जुन्या स्मरणिका, नगरपालिकेचे अहवाल, कोणा शिक्षकाने पदरमोड करून छापलेला गावाचा इतिहास, हे एकदाच छापलं जातं आणि मग एखाद्या वाचनालयाच्या वरच्या फळीवर पडून राहतं. त्यात काय असतं तर पाणवठे, वाड्या-वस्त्यांची जुनी नावं, साथीच्या वर्षी कोण कुठे गेलं, कोणत्या साली पूर आला, पहिली शाळा कोणाच्या ओसरीवर भरली. इतिहासकार वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून दप्तरं मिळवत होते, त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें'चा पहिला खंड १८९८ चा, आणि ते खंड आजही अभ्यासकांना लागतात कारण त्यात मूळ पत्रंच पुढे ठेवलेली आहेत. आपण काही राजवाडे होणार नाही, पण एक पातळसं पुस्तक शोधण्याजोगं करून ठेवणं एका माणसाला वर्षभरात जमतं. मी अशीच एक जुनी माहितीपुस्तिका पूर्ण केली, त्यात मुखपृष्ठावर फक्त शके दिलं होतं, त्यात ७८ मिळवून इसवी सन काढायचा, पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं त्यामुळे पौष ते फाल्गुनातलं पुस्तक असेल तर ७९ सुद्धा होऊ शकतं. मुखपृष्ठावर शके आहे तर टाइप करताना शकेच लिहायचं, हिशेब माहितीच्या वेगळ्या रकान्यात.

कॉपीराइटचा भाग कंटाळवाणा वाटेल पण तो आधी समजून घ्या, नाहीतर महिनाभराची मेहनत काढून टाकावी लागते. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरचं नवं वर्ष सुरू झालं की तिथून ६० वर्षं मोजायची. म्हणजे १९६४ मध्ये वारलेल्या लेखकाचं लिखाण १ जानेवारी २०२५ ला मोकळं झालं. पूर्वी ही मुदत ५० वर्षं होती, रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये गेले, त्यांचं लिखाण १९९१ अखेर मोकळं व्हायला आलं तेव्हा मुदत वाढवली गेली आणि १९९२ च्या दुरुस्तीने ती ६० झाली. लेखकाचं नाव नसलेल्या आणि सरकारी प्रकाशनांना छापल्यापासून ६० वर्षं. यात एक बारीक गोष्ट लोक विसरतात. मूळ लेखक शंभर वर्षांपूर्वी गेला असला तरी नंतरच्या संपादकाची प्रस्तावना, टिपा, भाषांतरकाराचं भाषांतर यांचा हक्क वेगळा चालतो. वर सांगितलेल्या १९६६ च्या आवृत्तीचंच घ्या, पोतदार १९७९ मध्ये गेले, म्हणजे त्यांनी लिहिलेली प्रस्तावना २०३९ संपेपर्यंत त्यांच्या वारसांची. शिवाय सर्व्हर अमेरिकेत असल्याने तिथला कायदाही लागतो आणि तिथे जुन्या पुस्तकांना प्रकाशनापासून ९५ वर्षांचा हिशेब आहे. गावाच्या इतिहासाची पुस्तकं बहुतेक वेळा यात अडकतात, तेव्हा लेखकाच्या मुलानातवंडांना भेटून त्यांची लेखी परवानगी घेणं हा चांगला मार्ग. मी एका घरी गेले होते, त्यांच्या आजोबांचं पुस्तक कोणीतरी अजून वाचायला मागतंय हेच त्यांना खरं वाटेना, माळ्यावरून प्रत काढून दिली आणि सही पण दिली.

त्रासाच्या गोष्टी पण सांगते. पहिलं म्हणजे हे मोबाइलवर करू नका. पान आणि मजकूर शेजारी शेजारी दिसले पाहिजेत, त्यासाठी लॅपटॉपचा तरी स्क्रीन लागतो, आणि डोळ्यांना सलग दोन तासांवर ताण देऊ नये. मी प्रत्येक पानानंतर उठते. दुसरं, तक्ते. जुन्या अहवालात रुपये, आणे, पै असे तीन रकाने, त्यात आडव्या-उभ्या बेरजा, ते कॉम्प्युटरच्या तक्त्यात बसवायला सुरुवातीला एकेक पानाला दोन दोन दिवस जातात. नवीन असाल तर तक्त्यांची पुस्तकं घेऊ नका, सरळ गद्य घ्या, कविता पण नको कारण ओळी आणि समास सांभाळावे लागतात. तिसरं, स्कॅनिंग. एक दुर्मिळ पुस्तक मी एका दुकानात स्कॅन करायला दिलं होतं, त्यांनी पानं सपाट बसावीत म्हणून शिवण उसवली आणि परत देताना चार पानं मागेपुढे. तेव्हापासून पुस्तक मी माझ्यासमोरच स्कॅन करून घेते, आणि जुनी शिवण असेल तर पूर्ण न उघडता वरून फोटो काढणाऱ्या यंत्रावर.

आणि चौथं, वाट बघणं. तुम्ही पान पिवळं केलं तरी ते हिरवं करणारा दुसरा माणूस लागतो, आणि पुस्तकं जितकी आहेत तितकी माणसं नाहीत. माझ्या पहिल्या पुस्तकाची पानं सात महिने पिवळीच होती. त्या वेळात मी उलटं केलं, दुसऱ्यांची पिवळी पानं घेऊन रुजवात घ्यायला बसले. नव्या माणसाने खरं तर इथूनच सुरुवात करावी असं मी म्हणेन. अनुभवी माणसाने केलेलं पान ताडताना पद्धत आपोआप शिकता येते, समास कुठे, डोक्यावरचा पानक्रमांक वेगळ्या चौकटीत कसा टाकायचा, ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द कसा जोडायचा. आणि सापडलेली प्रत्येक चूक ही त्या पानाला मिळालेली मदत असते, त्यात कोणाचा कमीपणा नाही. एकदा माझ्या पानात एका अनोळखी सदस्याने सलग तीन अनुस्वार पकडले, मला इतका आनंद झाला, कोणीतरी खरंच ओळीओळीने वाचतंय.

बाकीचे पर्याय पण थोडे बघितले म्हणून लिहिते. इंग्रजी उत्तम असेल तर डिस्ट्रिब्यूटेड प्रूफरीडर्स बघा, २००० मध्ये सुरू झालं, तिथे प्रत्येक पान मुद्रितशोधनाच्या तीन फेऱ्यांतून जातं आणि मग मांडणीच्या वेगळ्या फेऱ्या, तयार पुस्तक प्रोजेक्ट गुटेनबर्गला जातं. शिस्त फार कडक आणि शिकायला छान. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ट्रोव्हवर जुनी वर्तमानपत्रं आहेत, कोणीही वाचक एखादी ओळ दुरुस्त करू शकतो, पाच मिनिटं मिळाली तरी काम होतं. दोन्ही चांगली आहेत पण मराठी पुस्तकाला मराठी डोळाच लागतो, 'नाहीं' वरचा ठिपका तिकडे कोण बघणार. म्हणून मी इथेच राहिले.

कोणासाठी नाही हे पण सांगते. नाव छापून यावं, सत्कार व्हावा असं वाटत असेल तर इथे तसं काही होत नाही, पानाच्या इतिहासात तुमचं सदस्यनाव राहतं तेवढंच. स्वतःचं लिहायची ऊर्मी असेल तर ब्लॉग लिहा किंवा विकिपीडियावर जा, ते पण चांगलंच काम आहे. पण ज्यांना खरीखुरी नक्कल करायचा संयम आहे, मग ते बँकेत व्हाउचर ताडणारे असोत, छापखान्यातले असोत, लघुलेखक असोत, कोर्टातले असोत, त्यांना हे काम हातात बसलेलं वाटेल. पाचपैकी साडेचार तारे, अर्धा कमी तो फक्त रुजवात घेणारे कमी आहेत म्हणून, तो भरून काढणं आपल्या हातात आहे.

सध्या माझ्याकडे एका शिक्षकाने लिहिलेलं गावाच्या इतिहासाचं पुस्तक आहे, वारसांच्या परवानगीने घेतलेलं, १८४ पानांचं. काल १३१ वं पान झालं. त्यात एका विहिरीचं नाव दोन ओळींत दोन वेगळ्या तऱ्हेने आलंय, एकदा ळ ने आणि एकदा ल ने, आणि खरं कोणतं ते मला माहीत नाही. दोन्ही तसंच ठेवलंय, चर्चापानावर नोंद केलीय. त्या भागातलं कोणी हे वाचत असेल आणि मराठी विकिस्रोतवर खातं उघडणार असेल तर ते पान पिवळं आहे, रुजवात घ्यायची बाकी आहे.